सुरी न लावता सैल कातडी किती आवळते?

लग्नसराई जवळ आली की त्वचेच्या दवाखान्यांत एक मागणी हमखास वाढते. मागणी करणारी नवरी नसते; तिची आई, मावशी, आत्या असते. पन्नाशी ओलांडलेली, मोबाइलवरच्या फोटोत स्वतःची मान आणि जबड्याची कड पाहून खट्टू झालेली. ‘ऑपरेशन नको, पण ही लोंबणारी कातडी तेवढी आवळून द्या,’ एवढंच तिचं म्हणणं असतं. पुरुषही येतात, फक्त ते येण्याचं कारण दुसरंच सांगतात. या मागणीत लाजण्यासारखं काही नाही. आपला चेहरा आपल्याला बरा दिसावा असं साठाव्या वर्षीही वाटणं रास्तच आहे. पण या इच्छेभोवती मोठा बाजार उभा आहे आणि त्यातले उपचार महाग आहेत. पैसे भरून निराश झालेली माणसं भेटतात तेव्हा बहुतेक वेळा असं दिसतं की मशीन ज्या दोषासाठी बनलंय तो दोष त्यांना नव्हताच. म्हणून मशीनची नावं नंतर पाहू. आधी आरसा.

नेमकं काय उतरलंय?

दिवसाउजेडी, खिडकी एका बाजूला येईल असं बसा. समोरून पडणारा प्रकाश उंचसखलपणा लपवतो, बाजूचा दाखवतो. हनुवटीखालची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. चिमटीत पातळ, कागदासारखी घडी आली तर त्वचा सैल आहे. जाड, मऊ गोळा हाताला लागला तर तिथे चरबी आहे. आता दात दाखवत, खालचा ओठ ताणून जोरात ‘ई’ म्हणा. जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंत दोन उभ्या दोऱ्या उठल्या तर तो मानेवरच्या प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूचा भाग आहे. मग गाल बघा. डोळ्यांखाली आणि गालफडांत खळगे पडले असतील, तर वयाबरोबर चेहऱ्यातली चरबी झिजली आहे, खालचं हाडही थोडं आक्रसलं आहे. उशीतला कापूस बसला की अभ्रा सैल वाटतो, तसं हे झालेलं असतं. अभ्रा आवळून उशी पुन्हा फुगत नाही. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी खोल रेघ बऱ्याचदा याच कारणाने येते, आणि ती घालवण्यासाठी त्वचा आवळणाऱ्या मशीनवर केलेला खर्च सहसा वाया जातो.

शेवटी आडवं पडून हातातला आरसा चेहऱ्यावर धरा. उताणं झाल्यावर कातडी कानांकडे सरकते. बसलेला चेहरा आणि पडलेला चेहरा यांत थोडाच फरक असेल, तर शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांना वाव आहे. दोन वेगळ्या वयाची माणसं वाटावीत इतका फरक असेल, तर मशीनकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मानेबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. मानेच्या मागे आणि बाजूला काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसत असेल तर ती वयामुळे नाही आणि मळही नाही. ते शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी आधी रक्तातली साखर तपासा, वजनाकडे बघा. घासून किंवा लेसर मारून मूळ कारण जात नाही. आणि मानेच्या पुढच्या बाजूला एखादी गाठ किंवा फुगवटा असेल, विशेषतः गिळताना वरखाली होणारा, तर थायरॉइडची तपासणी झाल्याशिवाय तिथे कुठलंही मशीन लावू देऊ नका.

कातडी सैल का पडते

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचं जाळं असतं. कोलॅजेन बळकटी देतं, इलॅस्टिन ताणलेली त्वचा मूळ जागी आणतं. विशीनंतर कोलॅजेन दरवर्षी साधारण १ टक्क्याने घटत जातं. स्त्रियांच्या बाबतीत पाळी गेल्यावर हा वेग एकदम वाढतो: रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजेन कमी होतं असं दिसून आलं आहे. ‘दोन-तीन वर्षांत अचानक म्हातारी दिसायला लागले’ असं बायका म्हणतात, तेव्हा ती त्यांची समजूत नसते, खरंच तसं घडत असतं.

त्यात उन्हाची भर पडते. अतिनील किरणांपैकी ‘ए’ प्रकारचे किरण काचेतून आत येतात आणि त्वचेत खोलवर जातात, म्हणून रोज गाडीच्या खिडकीशी बसणाऱ्याचीही त्वचा झिजते. सिगारेट-विडीने त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो आणि कोलॅजेन तुटतं. झपाट्याने वजन उतरवणं हे तिसरं कारण. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही औषधं आपल्याकडे २०२५ पासून वजनासाठी मिळू लागली आहेत, त्यामुळे गाल आणि मान एकाएकी ओघळल्याची तक्रार आता चाळिशीतही ऐकू येते. मधुमेह किंवा लठ्ठपणासाठी ही औषधं डॉक्टरांनी दिली असतील तर चेहऱ्यासाठी ती बंद करू नयेत. पण वजन स्थिर होऊन काही महिने जाईपर्यंत त्वचेच्या उपचारांची घाई करू नये.

आपल्याकडचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यांत जास्त चिंतेचं वाटतं: गोरेपणासाठी मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेली मलमं. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ‘शेजारणीने सांगितलं म्हणून’ ट्यूब आणणं थांबलेलं नाही. तुम्ही असं मलम वापरत असाल तर त्वचातज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, ट्यूबच घेऊन जा. पातळ झालेल्या त्वचेला उष्णता सोसत नाही. ती सावरायला काही महिने जातात आणि तोवर थांबावंच लागतं.

उष्णतेचं गणित

अल्ट्रासाउंड असो, रेडिओफ्रिक्वेन्सी असो की लेसर, बहुतेक मशीनांचं तत्त्व एकच आहे. त्वचेच्या आत ठरावीक खोलीवर इतकी उष्णता पोहोचवायची की कोलॅजेनचे धागे आक्रसतील. हे साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास घडतं. त्या सूक्ष्म इजेमुळे शरीराची जखम भरून काढणारी यंत्रणा जागी होते आणि पेशी नवं कोलॅजेन तयार करतात. हे काम आठवडे आणि महिने चालतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, खरा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि सहा महिन्यांपर्यंत वाढू शकतो. त्याच संध्याकाळी चेहरा घट्ट दिसला तर तो बराचसा सुजेमुळे असतो, आणि तेवढंच दाखवून पुढच्या पॅकेजचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. दुसरी, तयार होणारं कोलॅजेन तुमच्या शरीराच्या कुवतीवर अवलंबून आहे. पस्तीस ते पंचावन्न या वयात, उन्हाने फार न करपलेल्या त्वचेत हा प्रतिसाद चांगला मिळतो. तिसरी, वय थांबत नसल्याने परिणाम कायमचा नसतो. वर्ष-दीड वर्षाने तो ओसरू लागतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचं गणित इथे वेगळं होतं. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त आहे. उन्हापासून ते आपल्याला वाचवतं, पण इजा झाली की ते बनवणाऱ्या रंगपेशी चवताळतात आणि डाग उरतात. परदेशी त्वचेवर चार दिवसांत जाणारी लाली आपल्याकडे चार महिने टिकणारा तपकिरी डाग होऊ शकते. ज्यांना वांग आहे त्यांचा वांग नुसत्या उष्णतेनेही गडद होतो. म्हणून इथल्या त्वचेवर अनेक वर्षं काम केलेला डॉक्टर निवडणं हे नवीन मॉडेलचं मशीन निवडण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

कोणतं मशीन कशासाठी

एकवटलेल्या अल्ट्रासाउंडला जाहिरातींत ‘हायफू’ म्हणतात. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणावं तशा ध्वनिलहरी त्वचेखाली १.५, ३ किंवा ४.५ मिलिमीटरवर एकवटवतात. तिथे ६० ते ७० अंश तापमानाचे सूक्ष्म बिंदू तयार होतात आणि वरची कातडी शाबूत राहते. साडेचार मिलिमीटरवर चेहऱ्याच्या स्नायूंना धरून असलेला पडद्यासारखा थर लागतो, फेसलिफ्टच्या शस्त्रक्रियेत सर्जन जो उचलतात तोच. अल्थेरा या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली भुवया उचलण्यासाठी आणि २०१२ साली हनुवटीखालच्या भागासाठी व मानेसाठी मान्यता दिली. त्या यंत्रात आतले थर पडद्यावर पाहत काम करता येतं. स्वस्तात मिळणाऱ्या अनेक हायफू यंत्रांत ही सोय नसते, सगळं अंदाजाने चालतं, त्यामुळे ‘तेच तंत्र, निम्मा दर’ हे म्हणणं पूर्ण खरं नाही.

हा उपचार दुखतो. हाडाजवळ, म्हणजे जबड्याच्या कडेला आणि कपाळावर, जास्तच. एका बैठकीत बहुतेक काम होतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. सूज आणि दाबल्यावर दुखणं काही दिवस राहतं. क्वचित जबड्याच्या कडेने जाणाऱ्या नसेला धक्का बसून ओठाचा एक कोपरा नीट हलत नाही. हे बहुधा काही आठवड्यांत सुधारतं, पण ते होऊ शकतं हे आधी सांगितलं गेलं पाहिजे. आणखी एक धोका चेहरा आधीच कृश असलेल्यांना आहे. चुकीच्या खोलीवर दिलेली उष्णता गालातली उरलीसुरली चरबी जाळते आणि चेहरा ओढलेला दिसू लागतो. हडकुळ्या गालांवर हायफू करून घेऊ नका असंच मी सांगेन, मान आणि जबड्याची कड तेवढी करा.

रेडिओफ्रिक्वेन्सीत विद्युतलहरींना त्वचा जो विरोध करते त्यातून उष्णता येते. त्वचेचा रंग या लहरींना कळत नाही, त्यामुळे सावळ्या त्वचेसाठी हे तंत्र लेसरपेक्षा निर्धास्त मानलं जातं. एकध्रुवी प्रकारातलं थर्माज यंत्र २००२ साली डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी मान्य झालं. ते आत तापवतं आणि वरून त्वचा थंड ठेवतं. ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम विद्युत उपकरण आहे त्यांनी हा उपचार टाळायचा. शरीरात धातूचं रोपण असेल तर तेही आधी सांगायचं. ब्युटी पार्लरमध्ये ‘आरएफ फेशियल’ म्हणून जे देतात त्याची शक्ती फारच कमी असते. चेहरा गरम लागतो, तजेला येतो, पण सैल मान त्याने आवळत नाही.

सुयांमधून रेडिओफ्रिक्वेन्सी देणं, म्हणजे ज्याला क्लिनिकमध्ये ‘एमएनआरएफ’ म्हणतात, ते गेल्या काही वर्षांत आपल्याकडे खूप पसरलं आहे. बारीक सुया ठरवलेल्या खोलीवर जातात आणि टोकाशी उष्णता सोडतात. सुयांच्या वरच्या भागाला आवरण असेल तर पृष्ठभाग कमी तापतो, आपल्या त्वचेला तशाच सुया बऱ्या. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन बैठका लागतात. बारीक सुरकुत्या, मोठी रंध्रं, मुरुमांचे खड्डे आणि थोडा सैलपणा, या सगळ्यांवर मिळून तो उपयोगी पडतो, म्हणून मला हा उपचार मध्यम वयाच्या बऱ्याच जणांसाठी पैशाचं चीज करणारा वाटतो. पण तो किरकोळ नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच उपचाराबद्दल जाहीर सूचना काढली: भाजणं, व्रण, चरबी झिजणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा होणं अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. ही वैद्यकीय प्रक्रिया आहे, ती घरी करू नये आणि प्रशिक्षित, परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करून घ्यावी, हे त्यांना बजावून सांगावं लागलं. ज्यांच्या अंगावर जखमेनंतर कीलॉइड, म्हणजे जाड वाढीव व्रण उठतात, त्यांनी सुया टाळाव्यात.

लेसरबद्दल थोडक्यात. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेत बारीक छिद्रांची जाळी पाडतो आणि मधली त्वचा तशीच सोडतो. ओठांभोवतीच्या रेघा, उन्हाने खरखरीत झालेला पोत यासाठी त्याच्याइतका परिणाम इतर मशीनांनी क्वचितच मिळतो. पण ओघळलेला जबडा तो उचलत नाही. मानेवर त्याची मात्रा बरीच कमी ठेवावी लागते, कारण चेहऱ्याची जखम ज्या ग्रंथी आणि केसांच्या मुळांतून भरते ती मानेवर विरळ असतात, आणि जास्त मात्रेने व्रण उठतात. गव्हाळ त्वचेवर डाग पडण्याची शक्यता सर्वांत जास्त इथेच. तोंडाभोवती वारंवार नागिणीसारखे बारीक फोड, म्हणजे हर्पीस येत असेल तर सांगा. डॉक्टर आधीपासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात.

सुई आणि दोरा

मानेवरच्या त्या दोन उभ्या दोऱ्या मशीनने जात नाहीत. तिथे बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्स, नेमकं काम करतं, कारण दोष त्वचेचा नसून स्नायूचा आहे. अमेरिकेत या खास उपयोगाला ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्याआधी डॉक्टर ते वर्षानुवर्षं करतच होते. परिणाम तीन-चार महिने टिकतो. मात्रा जास्त झाली किंवा औषध खोल गेलं तर गिळायला त्रास होऊ शकतो, आवाज बसू शकतो; म्हणून मानेचं बोटॉक्स अनुभवी हातांनीच द्यावं.

हनुवटीखालच्या चरबीसाठी डीऑक्सिकोलिक आम्लाचं इंजेक्शन आहे. त्याने चरबीच्या पेशी फुटतात. नंतर बरेच दिवस बेडकासारखी सूज राहते. इथे एक सापळा आहे: चरबी जाते, पण वरची कातडी आधीच सैल असेल तर ती आणखी लोंबते. वजन जास्त असेल तर आधी वजन, मग चरबी, मग त्वचा, हा क्रम सोडू नका.

गालाचे खळगे भरायला फिलर देतात, बहुतेक हायलुरोनिक आम्लाचे. योग्य जागी थोडंसं भरलं तर जबड्याची कडही उठून दिसते. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचेचा तुकडा मरू शकतो आणि फार क्वचित दृष्टीही जाऊ शकते. फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज औषध त्या क्लिनिकच्या फ्रिजमध्ये आहे का, हे विचारायला संकोचू नका. उत्तर ‘लागत नाही’ असं आलं तर तिथून उठा.

धाग्यांनी चेहरा उचलणं, थ्रेड लिफ्ट, याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पीडीओचे विरघळणारे काटेरी धागे त्वचेखालून ओवून कातडी वर ओढतात. पहिल्या दिवशी फरक लख्ख दिसतो, म्हणून ते खपतातही. पण धागा साधारण सहा महिन्यांत विरतो, आणि मधल्या काळात खळी पडणं, धागा वर येणं, एक बाजू वर आणि दुसरी खाली राहणं हे प्रकार होतात. जड गाल आणि जाड मान असेल तर धाग्यांना ते वजन पेलत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धागे आणि इंजेक्शनं दोन्हींबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

घरी काय करता येतं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला: साडेचार वर्षं रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी वाढल्या. आपल्याकडे चूक प्रमाणात होते. वाटाण्याएवढं सनस्क्रीन पुरत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा चेहऱ्याला, आणि मानेला वेगळं. जवळजवळ प्रत्येकीची मान विसरली जाते. वांग असेल तर लोहाचं ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, ते दिसणाऱ्या प्रकाशालाही अडवतं. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली चेहरा-मान स्कार्फने गुंडाळून घेतात त्याची बाहेरून आलेले गंमत करतात, पण त्या मुली चाळिशीत स्वतःचे आभार मानतील.

दुसरा उपाय ट्रेटिनॉइनचं मलम. उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी ते १९९५ पासून अमेरिकेत मान्य आहे. डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीचं, रात्री, अगदी थोडं. मानेची त्वचा नाजूक म्हणून तिथे एक-दोन दिवसांआड सुरू करा. पहिले काही आठवडे कोंडा निघतो, लाली येते. परिणाम दिसायला चार-सहा महिने जातात. गरोदरपणात किंवा मूल होण्याच्या तयारीत असाल तर लावू नये.

चेहऱ्याचे व्यायाम? अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २० आठवडे व्यायाम केल्यावर मध्यमवयीन स्त्रियांचे गाल थोडे भरल्यासारखे दिसले. पण शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६ जणी. आवड असेल तर करा, नुकसान नाही, पण सैल कातडी त्याने आवळत नाही. कोलॅजेनची पावडर पोटात जाऊन इतर प्रथिनांसारखीच पचते. तिच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासांपैकी बऱ्याच अभ्यासांना विकणाऱ्यांचेच पैसे असतात. तेवढ्या खर्चात घरात डाळ, अंडी, दूध जास्त येईल. लिंबू-सोडा मानेला चोळणं मात्र आजच बंद करा, त्याने त्वचा भाजते आणि डाग पडतात.

कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं

क्लिनिक कितीही चकचकीत असलं तरी दारावरच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. त्वचेसाठी एमडी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जनसाठी एमसीएच किंवा डीएनबी. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द काही आठवड्यांचा कोर्स केलेलेही लावतात. तो पाटीवर दिसला की पदवी विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा: सल्ला देणारे डॉक्टर आहेत, पण चेहऱ्यावर हँडपीस कोण धरणार? नुसती मदतनीस मुलगी धरणार असेल तर डॉक्टर त्या खोलीत असतील का?

तुमच्यासारख्याच रंगाच्या, तुमच्याच वयाच्या रुग्णांचे फोटो पाहायला मागा, निदान तीन महिन्यांनंतरचे, एकाच प्रकाशात आणि एकाच कोनातून काढलेले. हनुवटी थोडी वर केली की कुणाचीही मान घट्ट दिसते. मशीनचं नाव, कंपनी आणि एकदाच वापरायचं टिप किंवा सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडणार का, हे विचारा. सुयांचं पाकीट दुसऱ्यावर वापरलेलं असेल तर कावीळ किंवा एचआयव्हीसारख्या संसर्गाचा धोका असतो, तिथे घासाघीस नको. सहा किंवा दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या पॅकेजला सही करण्याआधी एका बैठकीचा परिणाम पाहण्याची मुभा मागा. पैसे भरल्याची पावती आणि संमतिपत्राची प्रत घरी आणा. सौंदर्यासाठीच्या उपचारांचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही, हे धरून चाला.

लग्न किंवा मुंज समोर ठेवून करणार असाल तर उलटं मोजा. अल्ट्रासाउंड किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी कार्यक्रमाच्या निदान तीन-चार महिने आधी, सुयांच्या तीन बैठका करायच्या तर त्या संपून दोन महिने मोकळे हवेत, बोटॉक्स तीन-चार आठवडे आधी. शेवटच्या महिन्यात नवीन लेसर, पील किंवा धागा काहीच नको. हे शक्य नसेल तर यंदाच्या लग्नात चांगलं सनस्क्रीन, नीट झोप आणि मेकअप करणाऱ्या मुलीचा हात पुरेसा आहे.

मशीन पुरत नाही तेव्हा

आडवं पडल्यावर ज्यांचा चेहरा फार बदलला, ज्यांच्या मानेवर कातडीचा पदरच लोंबतो, ज्यांनी पन्नास-साठ किलो वजन घटवलं आहे, त्यांना प्रामाणिक डॉक्टर मशीन नाकारतात आणि प्लास्टिक सर्जनकडे पाठवतात. फेसलिफ्ट किंवा नेकलिफ्टमध्ये कानापुढे आणि मागे व्रण येतो, भूल घ्यावी लागते, दोन-तीन आठवडे घरी राहावं लागतं, आणि रक्त साकळणं किंवा नसेला इजा हे धोके असतात. पण परिणाम कित्येक वर्षं टिकतो. अशा व्यक्तीने दरवर्षी मशीनवर केलेला खर्च पाच-सहा वर्षांत शस्त्रक्रियेइतका होतो, आणि मान होती तशीच राहते. शस्त्रक्रिया नकोच असेल तर काहीही न करणं हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे, तो कुठलंही क्लिनिक स्वतःहून सुचवणार नाही.

घरी आल्यावर

उपचारानंतर पहिले तीन दिवस गरम पाण्याची आंघोळ, वाफ, स्वयंपाकघरात शेगडीजवळ बराच वेळ उभं राहणं आणि घाम काढणारा व्यायाम टाळा. सुया किंवा लेसर झाला असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या मलमाशिवाय काहीही लावू नका. हळद, कोरफड, तूप, घरचा कुठलाच लेप नको. खपली आपोआप पडू द्या. ट्रेटिनॉइन पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. दोन-तीन दिवस सूज आणि लाली अपेक्षित आहे. पण फोड आले, पांढरट किंवा जांभळट डाग पडून दुखू लागलं, पू दिसला, ताप आला, ओठ एका बाजूला वाकला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि फोटो पाठवा. फिलर घेतल्यावर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर झाली, किंवा दृष्टी धूसर झाली, तर एक तासही थांबू नका, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि कोणतं इंजेक्शन कुठे घेतलं ते पहिल्याच वाक्यात सांगा. यासाठी क्लिनिकने दिलेल्या कागदावर औषधाचं नाव, बॅच क्रमांक आणि रात्रीही लागणारा फोन नंबर लिहिलेला आहे का, ते तिथून निघण्यापूर्वीच पाहून घ्या.